‘सर्व्हर तुम्ही बदललात, आम्ही काय करणार?’ : सांगलीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांना खुलं पत्र

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांत पतसंस्था, दूध संस्था, अडत दुकानं, शाळा आणि कारखाने यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला आवाजावरून ओळखतात. तुम्ही प्रोग्रॅम लिहिता, मी त्याखालची मशीन सांभाळतो. विश्रामबागेत छोटं दुकान, हाताखाली दोन पोरं आणि जिल्हाभर विखुरलेली साठेक एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची कंत्राटं. ‘साहेब, कनेक्टच होईना झालंय’ हा फोन रात्री साडेनऊला आधी मला येतो आणि पावणेदहाला मी तो तुम्हाला लावतो. तुमच्यातले निम्मे तरी उचलतात, हे मान्य. उचलल्यावर जे ऐकू येतं ते वर मथळ्यात घातलं आहे.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातला खरा भाग कुठला आणि अंगावरून झटकलेला कुठला, ते आता वेगळं करून दाखवू शकतो. तेवढ्यासाठीच हा कागद.

सुरुवात ऑगस्ट २०१९ च्या महापुरापासून करतो. त्या एका महिन्यात मी जेवढे सर्व्हर बदलले तेवढे एरवी तीन वर्षांत बदलत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या एका पतसंस्थेत (नाव नको, माणसं चांगली आहेत) सर्व्हर काउंटरखाली दोन विटांवर ठेवलेला होता. २००५ च्या पुरानंतर घातलेल्या विटा त्या. २०१९ चं पाणी विटा सोडाच, काउंटरवरच्या काचेलाही पुरून उरलं.

पाणी ओसरल्यावर कॅबिनेट उघडलं तर आत कृष्णेचा गाळ बसलेला, पंख्याच्या पात्यांत पालापाचोळा अडकलेला. डिस्क गेली. पण मॅनेजरसाहेब जुन्या वळणाचे. दर शनिवारी डम्प (सगळ्या डेटाची एका फाईलीत उतरवलेली नक्कल) पेनड्राइव्हवर घेऊन घरी देवघराच्या कपाटात ठेवायचे. ३ ऑगस्टच्या शनिवारचा डम्प शाबूत होता. त्यानंतरच्या स्लिपा वाळवून पुन्हा भरल्या की हिशोब जुळणार होता. नवी मशीन आणली. माझ्या पोराने मायएसक्यूएलच्या (हा डेटा सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर) साइटवर पहिली दिसली ती आवृत्ती उतरवली, म्हणजे ८.०. डम्प चढवला, एक एरर नाही. (येणारही नव्हती. डम्पची फाईल वरच्याच ओळींत सर्व्हरचे कडक नियम स्वतःपुरते सैल करून घेते.) आम्ही चहा मागवला.

काउंटर उघडला तेव्हा बाहेर रांग. घरात पाणी शिरलेली माणसं, ठेव मोडायला आलेली. पहिला नंबर सांगलीवाडीच्या एका मावशींचा. पासबुक उन्हात वाळवून आणलेलं, पानं फुगून पापडासारखी कडक झालेली, शाई पसरलेली. शेगडी आणि महिन्याचं धान्य घ्यायचं होतं, त्यासाठी आवर्त ठेव मोडायची होती. क्लार्कने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, एंटर मारला आणि पडद्यावर खिडकी उघडली. क्रमांक १२५१: ‘क्लायंट डझ नॉट सपोर्ट ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल रिक्वेस्टेड बाय सर्व्हर, कन्सिडर अपग्रेडिंग मायएसक्यूएल क्लायंट.’ तो बिचारा एकेक शब्द लावून मोठ्याने वाचत होता. मावशींनी त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, ‘पैसं गेलं व्हय रं बाळा?’

पैसे कुठेच गेले नव्हते. त्यांचं नाव, हप्ते, व्याज, सगळं समोरच्याच मशीनच्या पोटात सुखरूप होतं. तुमच्या प्रोग्रॅमला दारावर थाप मारायची जी एकच तऱ्हा माहीत होती, तिला आतून कुणी ओ देत नव्हतं, एवढंच.

हे पत्र संचालक मंडळीही वाचतील, म्हणून थोडं सोडवून सांगतो. मिरज जंक्शनात एके काळी तीन मापांचे रूळ होते: ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० आणि बार्शी लाइटची नॅरोगेज ७६२. बार्शी लाइट मिरजेला पोचली १९२७ साली, पुण्याची लाईन ब्रॉडगेज झाली १९७१ ला. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर जात नाही, म्हणून पोती एका वॅगनमधून उतरवून दुसरीत चढवायची, आणि ते काम हमालांचं. तुमचा हिशोबाचा प्रोग्रॅम ही एक गाडी, डेटाबेस सर्व्हर ही दुसरी, मधला हमाल म्हणजे ड्रायव्हर. (पहिली गाडी आणि हमाल, ही जोडी म्हणजेच एररमधला ‘क्लायंट’.) हमालाला समोरच्या वॅगनचं दार उघडता आलं नाही, तर माल भरलेला असूनही फलाटावर काही उतरत नाही.

दार उघडतं कसं? पासवर्ड तारेवरून उघडा जात नाही. जोडणी होताच सर्व्हर मूठभर अक्षरं सोडत टाकल्यासारखी काढून पाठवतो. ड्रायव्हर ती पासवर्डात कालवून ठरलेल्या जात्यात दळतो आणि पीठ परत पाठवतो. सर्व्हर ते आपल्या नोंदीशी ताडून बघतो. जुनं जातं एसएचए-१ या गणिती पद्धतीचं. एप्रिल २०१८ मध्ये ८.० बाजारात आलं तेव्हा सर्व्हरवरच्या नव्या लॉगिन-खात्यांसाठी एसएचए-२५६ चं जातं ठरलं, कारण जुनं कमजोर झालं होतं. या पतसंस्थेतला हमाल होता ओडीबीसी ३.५१, मायएसक्यूएलचा जुना ड्रायव्हर. त्याच्या उमेदीच्या काळात नवं जातं जन्मलंच नव्हतं.

मी फोन लावला. तुमच्यापैकी ज्यांना लावला ते हे वाचत असतील. ‘सर्व्हर तुम्ही बदललात, आम्ही काय करणार? जुनं ५.० टाका की, चालतंय.’ मायएसक्यूएल ५.० ची मुदत २०१२ मध्येच संपली होती. त्यानंतर त्यात सापडलेलं एकही भोक बनवणाऱ्यांनी बुजवलेलं नाही. लोकांच्या ठेवी त्यात ठेवायच्या?

मी म्हटलं, हमालच बदलू. ८.० चा ओडीबीसी ड्रायव्हर उतरवला, चढवला, डीएसएन (जोडणीचा पत्ता) नीट केला. तोच एरर. तासभर डोकं खाजवल्यावर एक्झी (तुमच्या प्रोग्रॅमची चालती फाईल) नोटपॅडात उघडली. त्या कचऱ्यासारख्या अक्षरांत शोधत गेलो तर कनेक्शन स्ट्रिंग (जोडणीची ओळ) सापडली: महिरपी कंसात ‘मायएसक्यूएल ओडीबीसी ३.५१ ड्रायव्हर’. आवृत्तीच्या आकड्यासकट नाव कोरलेलं. म्हणजे फलाटावर दहा तगडे हमाल उभे केले तरी तुमचा प्रोग्रॅम नाव घेऊन त्या एका म्हाताऱ्यालाच हाक मारणार. सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, मागितला. ‘ते ज्या पोरानं केलं तो आता हिंजवडीला असतो.’

एव्हाना दुपार झाली होती. मॅनेजरसाहेबांनी मावशींना हाताने व्हाउचर लिहून, स्वतःच्या जबाबदारीवर पैसे दिले. मागच्या पंधरा-वीस जणांनाही तसेच. ते कुठल्या नियमात बसतं हे मी विचारलं नाही.

शेवटी मी सर्व्हरलाच नमवलं. लॉगिन-खात्याचं जातं जुनं करून दिलं, एका ओळीचं काम. लॉगिन झालं. बचत खाती उघडली, पिग्मी उघडली. सगळ्यांनी हुश्श केलं. मग क्लार्कने बचत गटांचं पान उघडलं आणि एरर १०६४, व्याकरणाची चूक. तुम्ही बचत गटांच्या टेबलाला नाव दिलं होतं ‘ग्रुप्स’. तुम्ही दिलंत तेव्हा ते साधं, कुणाचं न देणं लागणारं नाव होतं. ८.० मध्ये हा शब्द मायएसक्यूएलने स्वतःसाठी राखून ठेवला. डम्पमध्ये तो बॅकटिकमध्ये (उलट्या अवतरणचिन्हांत) गुंडाळलेला असतो म्हणून टेबल निमूट तयार झालं होतं. तुमच्या क्वेरीत (डेटा मागायच्या आज्ञेत) तो उघडा होता, म्हणून अडला. (‘रँक’ हाही शब्द त्याच आवृत्तीत राखीव झाला. शाळांचे निकाल करणाऱ्यांनी आपापली टेबलं आजच बघून घ्यावीत.)

रात्री ८.० काढून ५.७ घातलं. ‘ग्रुप्स’ चाललं, पण व्याजाचा रिपोर्ट एरर १०५५ देऊन बसला. ५.७ पासून ‘ग्रुप बाय’ चा (नोंदी गटांत बांधायच्या आज्ञेचा) नियम कडक आहे आणि तुमच्या क्वेरीत पाच कॉलम नुसतेच लटकवलेले होते. मी तो नियमच काढून टाकला. मग शून्य-शून्य तारखा असलेल्या नोंदी अडल्या, त्यासाठी आणखी एक नियम काढला. पहाटे दोनला सगळं सुरू झालं. सर्व्हर ५.७ चा, पण वागायला लावला ५.० सारखं.

तर तुमच्या वाक्यातला खरा भाग आधी. सर्व्हर आम्ही बदलला, हो. आणि पूर न येताही तो बदलावाच लागतो. डिस्क मरते, विंडोजची मुदत संपते, ऑडिटर बोट ठेवतो. झटकलेला भाग असा, की बदलल्यावर काय होईल हे ठाऊक असायची जागा तुमचीच होती. मला तुमची एक्झी आतून दिसत नाही. तिच्या पोटात कुठला ड्रायव्हर आहे ते मी सोबतच्या डीएलएल फाईलींच्या तारखा बघून ओळखतो, वैदूने नाडी बघावी तसं.

आणि १२५१ हे काही आभाळातून पडलेलं संकट नव्हतं. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, २००४ साली मायएसक्यूएल ४.१ आलं तेव्हा पासवर्डच्या साठवणीची लांबी १६ अक्षरांवरून ४१ वर गेली, आणि जुन्या क्लायंटना हाच क्रमांक, हेच वाक्य दिसायचं. ‘कन्सिडर अपग्रेडिंग’ सकट. तेव्हा सगळ्यांनी काय केलं? ‘ओल्ड पासवर्ड’ नावाची पळवाट वापरली आणि विसरून गेले. ती पळवाट ५.७ मध्ये बुजवली गेली. चौदा वर्षांनी तेच वाक्य पुन्हा दारात उभं राहिलं, तर आपण त्याला पाहुणा समजलो.

सर्व्हर बनवणारे धुतल्या तांदळासारखे आहेत असं मुळीच म्हणणार नाही. ८.० ने नवं जातं पहिल्या दिवसापासून डिफॉल्ट करून टाकलं, ही घाईच. शेजारी पोस्टग्रेसने (हाही एक डेटाबेस सर्व्हर) तीच गोष्ट किती सबुरीने केली बघा. त्यांचं नवं जातं, स्क्रॅम, २०१७ मध्ये १० व्या आवृत्तीत आलं आणि डिफॉल्ट झालं २०२१ मध्ये, १४ व्या आवृत्तीत. चार वर्षं ज्याला हवं त्याने वापरावं. डिफॉल्ट झाल्यावरही जुन्या एमडी-५ जात्याची लॉगिन-खाती चालतच राहिली. त्यांची बोलण्याची भाषा, प्रोटोकॉल ३.०, ही २००३ च्या ७.४ पासून तीच. २०२५ मध्ये १८ व्या आवृत्तीसोबत ३.२ आली, तीही त्यांची क्लायंट लायब्ररी मुद्दाम मागितल्याशिवाय वापरत नाही. पण म्हणून पोस्टग्रेसवाल्यांनी मिशीला पीळ देऊ नये. दारातला रामराम तोच राहिला तरी आतली कपाटं हलतात. १५ व्या आवृत्तीत सर्व्हरच्या एका आतल्या टेबलातला कॉलम काढून टाकला, तर तो कॉलम वाचणारी जुनी टूलं (खिडक्या उघडून डेटाबेस बघायची) डेटाबेसची यादीसुद्धा दाखवेनात. लॉगिन होतंय, यादी नाही. कुपवाडातला एक स्टोअरकीपर मला म्हणाला, ‘दार उघडलं पण घरात कोणच नाही.’

एक किस्सा मला फार आवडतो. मारियाडीबीने (मायएसक्यूएलमधूनच निघालेला सर्व्हर) आपला आकडा १० वर नेला तेव्हा अडचण अशी, की जुनी सॉफ्टवेअरं ‘१०’ मधला पहिलाच अंक वाचून ‘ही आवृत्ती १’ असं समजली असती. म्हणून मारियाडीबीचा सर्व्हर कैक वर्षं दारात नाव सांगताना आधी ‘५.५.५’ म्हणायचा आणि मग आपला खरा आकडा. म्हाताऱ्यांना कळावं म्हणून घराचं जुनं नाव सांगणं. ही लाज, ही काळजी मला तुमच्याकडून हवी आहे. थोडीशी.

इशारा मिळत नाही, ही तुमची दुसरी तक्रार. मिळतो की. पुलावर जसे ४० आणि ४५ रंगवलेले आहेत तसे इथेही आहेत. जुलै २०२३, ८.०.३४: जुनं जातं निवृत्तीच्या यादीत, वापराल तर लॉगमध्ये (सर्व्हरच्या रोजनिशीत) ताकीद. ही इशारा पातळी. एप्रिल २०२४, ८.४: जुनं जातं बंद करूनच सर्व्हर येतो, हवं तर खटका दाबून चालू करा. ही धोक्याची. जुलै २०२४, ९.०: जातंच काढून टाकलं, खटकाही नाही. पाणी उंबऱ्याच्या आत. पूर तर एका रात्रीत चढतो. इथे अख्खं वर्ष मिळालं होतं. लॉग कोण वाचतो, हा प्रश्न मात्र तुम्हाला विचारायच्या आधी मी स्वतःलाच विचारला पाहिजे.

कारण माझाही एक हिशोब आहे, तो लपवत नाही. वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेत २०२० मध्ये ८.० घातलं. पतसंस्थेच्या अनुभवाने शहाणा झालो होतो, म्हणून सर्व्हरच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाईलमध्ये ‘डिफॉल्ट ऑथेंटिकेशन प्लगिन’, म्हणजे जातं, जुनंच ठेवा अशी ओळ आधीच टाकून दिली. कुठे लिहून ठेवली नाही. चार वर्षांनी माझ्याच पोराने मशीन ८.४ वर नेली. सर्व्हिस उठेचना. लॉगमध्ये एक वाक्य: ही सेटिंग ओळखीची नाही. ८.४ ने जुनं जातं बंद केलं होतंच, वर ती ओळ लिहायची जागाच रद्द केली होती, आणि अनोळखी ओळ दिसली की सर्व्हर हटून बसतो. पहाटे साडेपाचला संकलन सुरू झालं, कॅनची रांग लागली, फॅट आणि एसएनएफ (दुधाची प्रत ठरवणारे आकडे) वहीत लिहून घ्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत दोनशे उत्पादकांच्या नोंदी हाताने भरल्या. त्यात एका म्हशीच्या दुधाला गायीचा दर लागला, त्याची भांडणं आठवडाभर. हे पाप तुमचं नाही, माझं. तात्पुरता लावलेला टेकू मी खांब समजून बसलो.

त्यामुळे एक गोष्ट ठाम झाली आहे: आधी क्लायंट बदलायचा, सर्व्हर नंतर. नवा ड्रायव्हर जुन्या सर्व्हरशी बहुतेक वेळा नीट बोलतो, कारण त्याला जुनी रीत शिकवलेली असते. जुना ड्रायव्हर नव्या सर्व्हरशी बोलेल याची हमी कुणीच देत नाही, देऊ शकतही नाही. सगळे उलट करतात. सर्व्हर एकच असतो, बदलायला सोपा, आणि काउंटरवरच्या बारा मशीन कोण फिरत बसणार? मग सोमवारी सकाळी त्या बारा मशीनसमोर बारा माणसं उभी.

‘बहुतेक वेळा’ म्हटलं, कारण अपवाद आहेत आणि ते दुखतात. ८.० चं ‘मायएसक्यूएल डम्प’ हे डम्प काढायचं टूल ५.७ च्या सर्व्हरवर चालवून बघा. ते आल्याआल्या असं एक टेबल मागतं जे ५.७ मध्ये नव्हतंच, आणि थांबतं. एक पर्याय बंद केला की चालतं, पण तो माहीत हवा. मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर १७ वरून १८ वर नेलात, की सर्व्हर तोच, पासवर्ड तोच, तरी सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर (ओळखपत्रावर) विश्वास नाही म्हणून जोडणी नाकारतो, कारण १८ ने सांकेतिक बोलणं डिफॉल्ट केलं. म्हणजे नवा हमालसुद्धा कधी कधी जुन्या फलाटावर नाक मुरडतो.

आणि काही वेळा कुणीच नाक मुरडत नाही, ते सगळ्यात वाईट. कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात पोस्टग्रेस नव्या आवृत्तीवर नेलं. प्रोग्रॅम चालला, सगळे खूश. रात्रीच्या बॅकअपची बॅच फाईल (आपोआप चालणाऱ्या आज्ञांची) मात्र जुन्या फोल्डरातल्या पीजी-डम्पला, म्हणजे पोस्टग्रेसच्या बॅकअप टूलला, हाक मारत राहिली. पीजी-डम्पचा नियम स्पष्ट आहे: स्वतःपेक्षा मोठ्या आवृत्तीच्या सर्व्हरला तो हात लावत नाही, ‘सर्व्हर व्हर्जन मिसमॅच’ म्हणून बाजूला होतो. शहाणपणाचंच आहे. न समजलेल्या गोष्टीचा अर्धवट बॅकअप घेण्यापेक्षा नकार बरा. पण तो नकार रात्री दोन वाजता एका काळ्या खिडकीत उमटायचा आणि खिडकी मिटायची. फोल्डरात दर तारखेची फाईल, बरोबर नाव, बरोबर वेळ, आकार शून्य केबी. पाच महिने. मी सहज साइझचा कॉलम उघडला म्हणून दिसलं. बॅच फाईल तुमच्यापैकीच एकाने लिहून दिलेली, आणि ‘बॅकअप सक्सेसफुल’ हे वाक्य त्यात शेवटच्या ओळीवर बिनशर्त छापलेलं.

मला हवंय ते अगदी थोडं. ऑरेकलवाले कुठला क्लायंट कुठल्या सर्व्हरशी बोलतो याचा भलामोठा तक्ता ठेवतात. उभ्यात क्लायंट, आडव्यात सर्व्हर, मध्ये हो किंवा नाही. तुमच्याकडून तेवढा नको. कोटेशनच्या मागे अर्धं पान पुरे. आमच्या प्रोग्रॅममध्ये अमुक ड्रायव्हर आहे, अमुक आवृत्तीचा. तो अमुकपासून अमुकपर्यंतच्या सर्व्हरवर आम्ही स्वतः चालवून बघितला आहे. ‘चालतो म्हणतात’ नको, ‘चालवून बघितला’ हवं. नुसतं लॉगिन करून नव्हे, तर व्याजाचा रिपोर्ट, बचत गटांचं पान आणि बॅकअप परत चढवण्यापर्यंत. खाली तारीख. एवढं माझ्या हातात असतं तर त्या दिवशी माझ्या पोराने ८.० उतरवलंच नसतं.

ड्रायव्हरचं नाव एक्झीत कोरू नका, बाहेरच्या फाईलमध्ये ठेवा, मला बदलता येईल असं. टेबलांची आणि कॉलमांची नावं बॅकटिकमध्ये घाला, नाहीतर नावाआधी काहीतरी अक्षरं जोडा. ‘बचतगट’ असं रोमन लिपीत लिहिलंत तर जगातला कुठलाही सर्व्हर तो शब्द राखून ठेवणार नाही, मराठीचा एवढा तरी फायदा घ्या. आणि सोर्स हिंजवडीला गेला असेल तर तसं सरळ सांगा. मी तोंडावर बोलणार नाही. त्या संस्थेला नवा प्रोग्रॅम घ्यायला दोन वर्षं लागतील, ती दोन वर्षं मोजायला कुठून तरी सुरुवात करायला हवी.

संचालक मंडळींना मध्येच एक शब्द, कारण सगळं या लोकांवर ढकलणं न्यायाचं नाही. वर्षाला सात हजारांची एएमसी देऊन ‘सगळं बघा’ म्हणता. सात हजारांत फोन उचलला जातो, दर दोन वर्षांनी प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर तपासून दिला जात नाही. त्याचं वेगळं बिल येईल, आणि ते यायलाच हवं. मीटिंग हॉलचा एसी बदलताना तुम्ही तीन कोटेशनं मागवलीत. ड्रायव्हर बदलायचा म्हटल्यावर ‘चालतंय ना? मग कशाला?’ असं इतिवृत्तात लिहिलं गेलंय. मी वाचलंय.

त्या पतसंस्थेत आता सर्व्हर पहिल्या मजल्यावर आहे, लोखंडी स्टँडवर, बॅटरीसकट. आत अजून तेच ५.७, ज्याची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पुढे नेता येत नाही, कारण एक्झीत अजून ३.५१ चं नाव आहे आणि मी काढून टाकलेले नियम अजून काढलेलेच आहेत. मशीनला इंटरनेटपासून तोडून ठेवलंय, एवढंच माझ्या हातात होतं. मावशी अजून हप्ता भरायला येतात, आणि पडद्यावर कुठलीही खिडकी उघडली की क्लार्कच्या तोंडाकडे बघतात.

ते अर्धं पान मला मेअखेरपर्यंत द्या. साठ ठिकाणच्या कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवायचंय. जूनपासून मला पुलाकडेही बघावं लागतं.

आपला,
विश्रामबागेतला मशीनवाला